अडवणाऱ्याचे आभार

शास्त्रपाठ : १ शमुवेल २५:१८-३८, लूक ३:१०-१४



वर्षाच्या अखेरच्या रात्री आपल्या बहुतेक मंडळ्यांत उपासना असते. सरत्या वर्षाबद्दल आपण देवाची उपकारस्तुती करतो, बाराच्या ठोक्याला घंटा वाजते, एकमेकांना शुभेच्छा देऊन आपण घरी निघतो. त्याच रात्री शहरातील चौकाचौकांत पोलिसांची नाकाबंदी असते. लोखंडी अडथळे आडवे लावलेले असतात आणि हातात विजेरी घेतलेला शिपाई एकेक गाडी थांबवून चालकाच्या तोंडापुढे श्वासतपासणीचे यंत्र धरीत असतो. त्या रांगेत काही गाड्या हॉटेलातून आलेल्या असतात, काही मंदिरातून. शिपायाला त्या सारख्याच दिसतात. आणि दुःखाची गोष्ट अशी की, कधी कधी त्या खरोखरच सारख्या असतात. नाताळच्या आठवड्यात, लग्नाच्या मांडवामागे आणि बाप्तिस्म्याच्या जेवणानंतर आपल्या घरांतून काय चालते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

ख्रिस्ती माणसाने मद्य घ्यावे की न घ्यावे, यावर आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आज त्या वादात शिरत नाही. पिऊन गाडी चालवणाऱ्याला रस्त्यात पोलीस अडवतो, तेवढ्या एका क्षणाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. त्या क्षणी आपण काय बोलतो, कोणाला फोन करतो आणि खिशातून काय काढतो, यावरून आपला विश्वास दिसून येतो. हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्या चांगुलपणामुळे मिळालेला नाही. पुढील हकीकत मी माझ्या भाच्याच्या संमतीने सांगत आहे.

सन २००९ च्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातील एक लग्न तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होते. रात्री अकराच्या सुमारास निरोप आला की, माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला पोलिसांनी जीपसकट ठाण्यावर नेले आहे. तो प्यायला होता, याविषयी कोणालाच शंका नव्हती. ताईने माझ्याकडे पाहिले. ती म्हणाली, “तू जा. तुझे ऐकतील.” मी गेलो. अंगात पांढरा सदरा होता, बोलण्यात प्रवचनाची सवय होती. तेथील अधिकाऱ्यांनी मला “फादर” म्हणून खुर्ची दिली. मी फादर नाही. मी शास्त्राचे भाषांतर करणारा एक साधा सेवक आहे. परंतु ते मी त्यांना सांगितले नाही. त्या संबोधनाचा त्या रात्री मला उपयोग होता. मी मुलाच्या वयाविषयी बोललो, त्याच्या नोकरीविषयी बोललो, आमच्या घराण्याविषयी बोललो. तो प्यायला आहे की नाही, याविषयी मी एक शब्दही काढला नाही. अर्ध्या तासात त्याला सोडण्यात आले. यंत्रात फुंकर मारली गेली नाही, कागदावर नोंद झाली नाही. पैसा दिला नाही, म्हणून मी स्वतःला निर्दोष समजत होतो.

निघताना दारात एक वयस्क हवालदार उभे होते. त्यांनीच भाच्याला अडवले होते. ते मला हळूच म्हणाले, “फादर, मी अडवला, तुम्ही सोडवला. आता रस्त्यावर त्याला कोण अडवणार?” मला त्यांचा राग आला. घरी येऊन मी प्रभूचे आभार मानले आणि झोपलो.

चार महिन्यांनी, ऑक्टोबरात, पहाटे साडेपाच वाजता, रात्रभर जागून परतणाऱ्या माझ्या भाच्याच्या जीपने सायकलवरून दूध घालणाऱ्या एका माणसाला उडवले. त्या माणसाचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी रुग्णालयात गेलो, तेव्हा त्याची बायको बाहेर फरशीवर बसली होती. मी कोण, हे सांगितल्यावर तिने मला शिव्या दिल्या नाहीत. तिने एवढेच विचारले की, दुधाच्या किटल्या कोणी उचलून ठेवल्या का. त्या मालकाच्या होत्या, भरून द्याव्या लागतील. वाचकहो, त्या किटल्यांचा प्रश्न माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

या घटनेनंतर शास्त्रातील एक परिचित गोष्ट मी नव्याने वाचली. दावीद आपल्या चारशे माणसांना घेऊन नाबालाच्या घरावर चालून निघाला होता. नाबालाने त्याचा अपमान केला होता आणि सकाळ होईपर्यंत त्या घरातील एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही, असा दाविदाचा निश्चय झाला होता. तो द्राक्षारसाने नव्हे, तर संतापाने धुंद झाला होता. डोंगराच्या आडोशाने उतरत असताना गाढवावर बसलेली एक स्त्री त्याला आडवी आली. अबीगईल त्याच्या पाया पडली खरी, पण तिने त्याची वाट सोडली नाही. विनाकारण रक्त सांडल्याचे ओझे पुढे तुझ्या मनावर राहू नये, असे तिने त्याला सांगितले. यावर दाविदाने काय केले? आधी त्याने परमेश्वराला धन्य म्हटले, मग तिच्या सुज्ञपणाला, आणि मग तिला. आपली वाट अडवणाऱ्या व्यक्तीला त्याने आशीर्वाद दिला.

येथील मूळ शब्दांवर भाषांतरकार म्हणून मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. तेहतिसाव्या वचनात “तू मला आवरलेस” या अर्थी जे हिब्रू क्रियापद आहे, ते कोंडून ठेवणे, रोखून धरणे अशा अर्थाचे आहे. तुरुंगासाठी हिब्रूत येणारा “बेथ केले” हा शब्द त्याच धातूपासून झाला आहे. आणि ज्यापासून त्याला रोखले, ते शब्दशः “रक्तांमध्ये शिरणे” असे आहे. रक्त हा शब्द तेथे अनेकवचनी आहे. म्हणजे दावीद जणू म्हणतो, तू मला बंदीत घातलेस म्हणून मी रक्तात शिरलो नाही. तुझे कल्याण होवो. ठाण्याच्या पायरीवरच्या त्या हवालदाराला मी हेच म्हणायला हवे होते. मी त्याच्यावर रागावलो.

याच अध्यायाच्या शेवटी नाबालही भेटतो. त्या रात्री त्याच्या घरी राजाच्या मेजवानीसारखी मेजवानी होती आणि तो अतिशय झिंगला होता. मृत्यू चारशे तलवारी घेऊन आपल्या दाराच्या दिशेने निघाला होता आणि अर्ध्या वाटेवरून परत गेला, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. अबीगईलने त्याला उजाडेपर्यंत काही सांगितले नाही; कारण झिंगलेल्या माणसाला धोका कळत नाही. “मी पूर्ण शुद्धीवर आहे, मला गाडी नीट चालवता येते,” असे नाकाबंदीवर म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते खरेच वाटत असते. ज्या बुद्धीने स्वतःची पारख करायची, तिच्यावरच मद्याने ताबा मिळवलेला असतो. म्हणून न्याय बाहेरून यावा लागतो. ते काम कायदा करतो.

हा कायदा आपण नीट समजून घेतला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा सर्व भारतासाठी आहे. त्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क तपासणीत आढळला, तर वाहन चालवणारा गुन्हेगार ठरतो. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. गुजरात व बिहार या राज्यांत दारूबंदी असल्याने तेथे राहणाऱ्या वाचकांच्या बाबतीत मुळात पिणे हाच गुन्हा आहे. कोणी म्हणेल, अपघात झाला नाही, कोणाला धक्का लागला नाही, मग शिक्षा कशाची? याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने एकाएकी कोणाला मारले, तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे अशी सूचना धन्याला मिळाली असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही आणि माणूस मेला, तर दोष धन्याच्या माथी. तसेच घराच्या धाब्याला कठडा बांध, नाही तर कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. कठडा हा माणूस पडण्यापूर्वी बांधायचा असतो. नाकाबंदी हा रस्त्याचा कठडा आहे.

आपल्या देशातील न्यायालयेही याच विचारापर्यंत आली आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मद्यप्राशन केलेल्या एका तरुणाची गाडी गेली. सात मजूर मेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निव्वळ निष्काळजीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे, हा निर्णय कायम केला. पिऊन बेफामपणे गाडी चालवणाऱ्याला त्याच्या कृत्याने माणसे मरू शकतात, याची जाणीव असते, असे न्यायालयाने धरले. बैल मारका आहे, हे धन्याला ठाऊक होते.

आता आपणास रस्त्यात अडवले, तर काय करावे? मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट, खरे बोलावे. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गणवेशातील पोलिसाने परवाना मागितल्यास दाखवावा. त्याने विचारले, घेतली आहे का, तर घेतली असल्यास “होय” म्हणावे. यंत्रात फुंकर मारण्यास नकार देऊ नये. नकार दिला तर कायद्याने अटक होऊ शकते आणि तो नकार पुढे न्यायालयात विरुद्ध जाऊ शकतो. पाप झाकणाऱ्याचे कल्याण होत नाही, ते कबूल करून सोडून देणाऱ्यावर दया होते, असे नीतिसूत्रांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शिकवले आहे. रविवारच्या उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना आपण एका सुरात म्हणतो. तोच अंगीकार मंगळवारी रात्री चौकात एका शिपायापुढे करण्याची वेळ आली, तर आपली जीभ का अडखळते?

दुसरी गोष्ट, लाच देऊ नये. या गुन्ह्याचा निकाल जागच्या जागी दंड भरून लागत नाही. प्रकरण न्यायालयात जाते. तेव्हा यासाठी चौकात हातोहात दिली जाणारी रक्कम हा दंड नव्हे, तिला लाच हेच नाव आहे. २०१८ सालच्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो व त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. पण कायद्याहूनही मोठे कारण प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात आहे. पौल आपल्याला पैसे देईल, अशी सुभेदार फेलिक्सची आशा होती आणि म्हणून तो त्याला वारंवार बोलावून घेई. पौल निरपराध होता. तरी त्याने पैसे दिले नाहीत आणि दोन वर्षे तो बंदीत राहिला. निरपराध पौलाने जे विकत घेतले नाही, ते अपराधी असलेल्या आपण दोन नोटांत विकत घ्यावे काय?

तिसरी गोष्ट, मोठ्या माणसाचे नाव घेऊ नये. बिशपांचे नाव, नगरसेवकांचे नाव, मिशनच्या शाळेत शिकलेल्या अधिकाऱ्याचे नाव, पाळकाचे नाव. “मी चर्चमधला माणूस आहे” हे वाक्य चौकात उच्चारताना आपण ख्रिस्ताची साक्ष देत नसतो, त्याचे नाव गहाण टाकीत असतो. हे मी कोणत्या अनुभवावरून लिहितो, ते आपण जाणता. लाच म्हणजे केवळ पैसा नव्हे. आदरही लाच म्हणून देता येतो. आणि पाळकबंधूंनो, मध्यरात्री आपला फोन वाजला, तर अवश्य जा. त्या मुलाशेजारी बसा, त्याला पाणी द्या, त्याच्या आईला धीर द्या, वकील मिळवून द्या, जामीन राहा. फक्त सत्याच्या आड उभे राहू नका.

चौथी गोष्ट, नम्र असावे, पण लाचार नसावे. फटके मारण्याची तयारी झाली, तेव्हा पौलाने शताधिपतीला शांतपणे विचारले की, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे कायदेशीर आहे काय? हक्क विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. यंत्राला नवी नळी लावा, असे आपण म्हणू शकता. यंत्रावर आलेला आकडा पाहू शकता, कोणती कागदपत्रे ताब्यात घेतली त्याची पावती मागू शकता. या गुन्ह्यासाठी विनावॉरंट अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे कायदा सांगतो. हे सारे विचारताना आवाज चढवू नये. मध्यरात्री धुळीत उभ्या असलेल्या त्या शिपायालाही घर आहे, आणि त्याच्या घरीही कोणी जागे असेल.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटले आहे. तेथील ग्रीक शब्द “दियाकोनोस” हा आहे. आपल्या मंडळ्यांतील “डीकन” हा शब्द त्यावरूनच आला. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ सेवा करणारा आणि चौकात विजेरी घेऊन उभा असणारा, या दोघांसाठी शास्त्रात एकच शब्द आहे, हे आपल्या ध्यानात येते काय?

परंतु सेवक म्हटले की त्याच्यावर जबाबदारीही येते. आपल्या वाचकांत पोलीस खात्यात नोकरी करणारे बंधुभगिनी आहेत. त्यांनी लूक ३ मधील तो प्रसंग पुन्हा वाचावा. यार्देनेच्या काठी जकातदारांमागून शिपाई आले आणि आम्ही काय करावे, असे त्यांनी योहानाला विचारले. हे शिपाई जकातदारांच्या बंदोबस्तासाठी असत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे रस्त्यावर माणसे अडवणे हेच त्यांचे काम. योहानाने त्यांना नोकरी सोडा असे सांगितले नाही. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: धाक दाखवून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी असा. पहिल्या गोष्टीसाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ गदागदा हलवणे असा आहे. झाडाखाली उभे राहून बोरे पाडावीत, तसे माणसाला हलवून त्याच्या खिशातले पाडणे. प्रिय बंधूंनो, अडवण्याचे काम देवाचे आहे, हलवण्याचे नाही. आणि ज्याला अडवायचे, त्याला “फादर” आले म्हणून सोडू नका.

शेवटी, ज्याला वारंवार अडवले गेले आहे आणि तरीही सुटत नाही, अशा बंधूशी दोन शब्द. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मद्याने मस्त होण्याविषयी पौल जो शब्द वापरतो, त्याला मराठीत “बेतालपणा” म्हटले आहे. ग्रीकमध्ये तो “असोतिया” आहे. “तारणे, राखणे” या अर्थाच्या क्रियापदाला नकार जोडून तो झाला. ज्यात काहीच राखले जात नाही, अशी ती अवस्था. लूक १५ मध्ये धाकट्या मुलाने आपली मालमत्ता कशी उधळली, हे सांगताना त्याच शब्दाचे रूप आले आहे. माझ्यासाठी ही मोठी सुवार्ता आहे. जो शब्द काहीच न राखल्या जाण्याविषयी बोलतो, तोच शब्द प्रभूने सांगितलेल्या त्या मुलाच्या गोष्टीत आहे, आणि तो मुलगा घरी पोहोचला. पण कसा? चिंगरांच्या रानात तो शुद्धीवर आला आणि मी पाप केले आहे, असे बापाला सांगण्याचे त्याने ठरवले. तेथे त्याच्यासाठी रदबदली करणारा कोणी मामा नव्हता. अनेक शहरांत, कधी मंदिराच्या खोलीत, कधी शाळेच्या वर्गात, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात. तेथे पहिले वाक्य कबुलीचेच असते. तेथे जाण्यात लाज नाही.

माझ्या भाच्याने दुसऱ्या वेळी कोणालाही फोन केला नाही. त्याने गुन्हा कबूल केला, न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगली. तो आज पीत नाही आणि गाडीही चालवत नाही. त्या दूधवाल्या बंधूचा पाय मात्र परत आलेला नाही. नुकसानीचे पैसे आम्ही दिले, दर नाताळला मी त्याच्या घरी जातो, तो मला चहा पाजतो. त्याने मला क्षमा केली आहे काय, हे विचारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही. उन्हाळ्यातल्या त्या रात्रीविषयी मी त्याला सांगितले, त्याला आता पाच वर्षे झाली. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने त्या हवालदाराचे नाव विचारले. मला ते ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

वाचकहो, यंदा उपासनेहून परतताना रस्त्यात कोणी हात आडवा केला, तर गाडी थांबवा, काच खाली करा, आणि आपल्या छातीत काही लपवलेले नसेल, तर त्या माणसाला “आभारी आहे” म्हणा. काही लपवलेले असेल, तर ते आधी सांगा आणि मग आभार माना.

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही चुकीच्या वाटेने वेगाने निघालो असता, तू कोणाला तरी आमच्या आडवे पाठवतोस. त्याला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमच्या मुलाबाळांना खोट्याने सोडवण्याच्या मोहापासून आम्हांला राख. आमच्यामुळे जखमी झालेल्यांना उचलून धर. रात्री रस्त्यांवर उभे राहणाऱ्या सेवकांना प्रामाणिकपणा व बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.